दुपट्ट्याखालचा भाव

हे तुम्ही कोणी मानणार नाही. मानूही नका. पण टेलिफोनच्या तारेतून बैल येताना मी पाहिला आहे. अख्खा बैल. शिंगं, वशिंड, शेपटी, सगळं सगळं.

मी एवढं म्हणालो आणि हॉटेलातल्या सगळ्यांच्या बशा तोंडापाशी थांबल्या.

"पयले काय आलं, शिंगं का शेपटी?" भट्टीपाशी उभ्या बापूजीनं विचारलं. हॉटेल त्याचं. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली दोन बाकडी. पण भैंशा गावातल्या जिनिंगच्या फाटकासमोर असल्यामुळे कापसाच्या दिवसांत तिथं बसायला जागा मिळत नाही.

"शिंगं," मी म्हणालो. "शेपटी पहिले आली असती तर बैल उलटा नसता का निघाला?"

लोक हसले. हसणारच. सकाळपासून गाड्यांची रांग जागची हलली नव्हती. आत काटा बिघडला होता म्हणे. गाडीवाल्यांनी बैल सोडून चाकांना बांधले होते, पुढ्यात कडबा टाकला होता आणि सगळे माझ्याभोवती जमले होते. रांगेच्या मागच्या बाजूला, माझ्या घराच्या फाटकासमोरच, देवकाबाईची गाडी उभी होती. देवकाबाई मात्र बाकड्याच्या टोकाला बसून, डोक्यावरचा पदर सारखा करत, शांतपणे चहा फुंकत होती. चहा तिनंच सगळ्यांना सांगितला होता. यंदा तिच्या वावरात कापूस असा फुटला होता, की गाडी भरताना जू मोडतं की काय असं वाटावं.

"हा कापूस कोणामुळे आला, माहीत आहे का?" मी विचारलं. "त्या तारेतल्या बैलामुळे."

"हो का?" देवकाबाई म्हणाली. एवढंच.

तर ऐका. माझा धंदा बैलांच्या दलालीचा. भैंशाच्या गुरांच्या बाजारात डोमाजी दलाल कोणाला माहीत नाही असा माणूस नाही, आणि मला माहीत नाही असा बैल नाही. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर दुपट्टा टाकतात आणि त्या दुपट्ट्याखाली बोटं धरून बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. सौदा फिसकटला तर बैलाची अब्रू जात नाही आणि माणसाचीही नाही. या दुपट्ट्याखाली उभ्या जन्मात मला कोणी हरवलं नाही. बाकी काही मानू नका, ही एवढी गोष्ट तरी खरी धरा.

"धरली," बापूजी म्हणाला. "बैल आना आता."

गेल्या उन्हाळ्यात, सन नव्याण्णवच्या मे महिन्यात, हैदराबादची एक जीप जिनिंगच्या आवारात शिरली. शेठजीच्या ओळखीनं आली होती. जिनिंग बंद, म्हणून ऑफिसच्या दोन खोल्या रिकाम्या. त्या शेठजीनं त्यांना दिल्या. जीपमधून दोन कॉम्प्युटर उतरले, वायरींची एक भली मोठी गुंडाळी उतरली आणि शेवटी अनसूया नावाची एक मुलगी उतरली. वय लहान, चष्मा मोठा. तिच्या कंपनीनं कॉम्प्युटरमध्ये एक बाजार उघडला होता. कोणाला जुनी स्कूटर विकायची आहे, कोणाला भाड्यानं घर पाहिजे, कोणाकडे शिलाई मशीन पडून आहे. त्यानं त्या बाजारात जाहिरात टाकायची आणि ती टेलिफोनच्या तारेवरून गावोगाव दिसायची. त्या बाजाराचं नाव इंग्रजीत होतं, ते माझ्या जिभेला कधी वळलंच नाही. आम्ही त्याला तारेवरचा बाजार म्हणायचो.

शहरात तो बाजार चालला होता. आता खेड्यातल्या माणसाला तो चालवता येतो की नाही, हे पाहायला तिला पाठवलं होतं. ती एकेका माणसाला खुर्चीत बसवायची, समोर कॉम्प्युटर, हाताखाली माऊस, आणि स्वतः मागं वही घेऊन बसायची. मग सांगायची, "काका, हम आपकी परीक्षा नै लेरे, मशीन की लेरे. आपसे गलती हुई तो मशीन की गलती."

आता सांगा, सरकारी हापिसापासून शाळेपर्यंत आपल्याला असं कधी कोणी म्हटलं आहे? उत्तमरावाला तर वाटलं यात काहीतरी फसवणूक आहे. त्यानं खुर्चीत बसण्याआधी खुर्चीच्या खाली वाकून पाहिलं.

हा उत्तमराव म्हणजे पैलतीरावरच्या मळ्याचा मालक, पहिला गडी तोच. त्याला पाण्याचं जुनं इंजिन विकायचं होतं. अनसूया म्हणाली, "जो मन में आरा वो जोर से बोलते जाओ."

उत्तमराव गप्प.

"बोलो ना काका, क्या सोच रे?"

उत्तमराव माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "डोमाजी, ही पोरगी येडी हाये का? बाजारात मनातलं बोलून दाखवलं तं तो बाजार कायचा?"

बरं, याला काही अडलं आणि त्यानं विचारलं, "बाई, आता कोनतं दाबू?" की ती म्हणायची, "आपको क्या लगता?" तिला तसंच शिकवलेलं होतं. मदत करायची नाही, फक्त पाहायचं. पण उत्तमरावाला ते काय ठाऊक? तो म्हणाला, "मले लागते का हिलेच येत नाई." आणि त्या पोरीची दया येऊन तो तिलाच समजावून सांगायला लागला, की हे बघ पोरी, हे चित्र इंजिनाचं दिसते, हे दाबून पाहू. आणि त्या नादात त्याला सगळं यायला लागलं! नाव टाकलं, गाव टाकलं, इंजिन किती जुनं ते टाकलं. अनसूयाचा चेहरा असा फुलला, जणू तिच्याच घरचं इंजिन विकलं जातंय.

आणि मग आला किमतीचा चौकोन.

उत्तमरावानं बोट मागं घेतलं. उजवीकडे पाहिलं, तिथं मी. खिडकीकडे पाहिलं, तिथं बापूजी.

"म्या काय केलं?" बापूजी म्हणाला. "म्या तं चहा घेऊन उभा होतो."

तेच तर! उत्तमरावानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि झटकन कॉम्प्युटरच्या काचेवर टाकला. मग त्यालाही काही दिसेना. तेव्हा त्यानं दुपट्टा उचलून आपलं डोकं आत घातलं, जत्रेतला फोटोवाला घालतो तसं. आतून आवाज आला, "आता बरं हाये, बाई. उजेड भरपूर हाये." थोड्या वेळानं परत आवाज आला, "पन समोरचा कुठं हाये? हात कोनाचा धरू?"

अनसूयाला वाटलं हा एकटाच माणूस असा. पण दुसरा आला, तिसरा आला, बायका आल्या, म्हातारे आले. सगळे सरसर किमतीच्या चौकोनापर्यंत यायचे आणि तिथं बैलगाडी चिखलात रुतावी तसे रुतायचे. कोणी दुपट्टा टाकला, कोणी पदर टाकला, एकानं तर भिंतीवरचं कॅलेंडरच काचेपुढं धरलं. किंमत कोणी लिहीना. चारचौघांत भाव उघडा करायचा म्हणजे कसं? पोरगी हिरमुसली. वही मिटून पायरीवर बसली आणि म्हणाली, "मेरे को समझ मेंच नै आरा काका. सब आता इनको, एक दाम लिखना नै आता?"

मी म्हटलं, "चल माझ्यासोबत बाजारात."

"म्हंजे अक्कल तुमची," बापूजी म्हणाला.

"अक्कल तिचीच. मी फक्त बाजार दाखवला," मी म्हणालो. मी खोटं बोलतो, पण दुसऱ्याच्या घरात घुसून बोलत नाही.

तर गुरांच्या बाजारात ती दुपारपर्यंत उभी राहिली. कोण कोणाच्या दुपट्ट्याखाली हात घालतो, कोण डोळे मिटून घेतो, कोण आभाळाकडे पाहत बोटं दाबतो, सगळं पाहिलं. मग म्हणाली, "मेरे को सिखाओ." मी दुपट्टा टाकला आणि तिला बोटं शिकवली. पोरगी हुशार, पटकन शिकली. आणि मग तिनं विचारलं, "काका, औरतां कैसा करते?"

मी म्हटलं, बायका नाही करत. परक्या पुरुषाचा हात दुपट्ट्याखाली कशी धरणार? बाईला बैल घ्यायचा-विकायचा असला की तिच्या घरातला कोणी पुरुष हात देतो.

तिनं मान वळवली आणि बाजाराच्या कडेला बोट दाखवलं. "फिर वो किसकी राह देखरी?"

तिथं देवकाबाई उभी होती. एका बैलासोबत.

इथं मी जरा थांबलो आणि देवकाबाईकडे पाहिलं. तिची गोष्ट तिच्यासमोर सांगायची म्हणजे परवानगी पाहिजे. तिनं बशी खाली ठेवली.

"सांगा की," ती म्हणाली. "त्यातलं सारं खरं हाये. पुढलं पाहू."

तर देवकाबाईची गोष्ट अशी. हिचं वावर पार शिवेवर. नवरा गेला तेव्हापासून ती स्वतः नांगर धरते. तिच्याकडे जोडी होती, त्यातला एक बैल वैशाखात पोट फुगून गेला. उरला सरदार. आता एका बैलानं नांगर चालत नाही, वखर चालत नाही, गाडी चालत नाही. आणि पेरणीचे दिवस तोंडावर. तिचा दीर सुधाकरराव रोज येऊन ओट्यावर बसायचा. "वयनी, काऊन जिवाले तरास करून घेता? वावर बटईनं मले द्या, पीक आर्धं-आर्धं. तुमी घरी बसा." आणि सरदारला जोड आणायची तर दुपट्ट्याखाली हात कोणाचा? त्याच दिराचा! तो दर बाजाराला यायचा, दुपट्ट्याखाली हात घालायचा, बोटं हलवायचा आणि परत जाऊन सांगायचा, सौदा जमला नाही वयनी. अहो, जमेल कसा? जमू नये म्हणून तर तो घालत होता हात.

"मंग तुमी काऊन नाई करून देला सौदा?" रांगेतल्या एकानं विचारलं.

"दलालाला दुपट्ट्याखाली दोन हात लागतात," मी म्हटलं. "एक माझा, एक समोरच्याचा. समोरचा हात सुधाकररावाचा होता. मी किती दाबला तरी तो सैलच सोडायचा."

देवकाबाई नुसती मान हलवत होती.

हे सगळं मी अनसूयाला बाजारातच सांगितलं. ती तडक खोलीवर गेली आणि कॉम्प्युटरपुढं बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला बोलावलं. किमतीचा चौकोन नाहीसा झाला होता. त्याच्या जागी एक छोटं चित्र होतं, लाल काठाच्या दुपट्ट्याचं. माऊसनं त्याला टोचलं की दुपट्टा काचभर पसरायचा आणि त्याखाली फक्त दोघांचे आकडे दिसायचे, घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. तिसऱ्या कोणाला काही नाही. हाताला हात लागत नाही आणि भाव मात्र दुपट्ट्याखालीच.

उत्तमराव तर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. म्हणाला, "आता हा बाजार झाला! पयले नुसता बोर्ड होता."

पण खरी परीक्षा देवकाबाईची. तिला बोलावणं गेलं. ती आली सरदारला घेऊन, गाडीला जोड मागून आणली होती शेजाऱ्याची. ऑफिसमागच्या बाभळीखाली गाडी सोडली, पाय धुतले आणि खुर्चीत बसली. चौथीपर्यंत शिकलेली, आकड्यांना पक्की. अनसूया म्हणाली, "बाई, अब कपडा डालने की जरूरत नै. मशीन में कपडा है." पण देवकाबाईनं माऊसवर आपला पदर टाकलाच. म्हणाली, "तुमचा तुमच्यापाशी, माहा माह्यापाशी."

"आन तुमी कुठं होता?" बापूजीनं विचारलं.

"मी? मी बाभळीखाली तंबाखू मळत होतो."

"हो का?" देवकाबाई म्हणाली.

"बाजूच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर होता ना?" बापूजीचं अजून संपलं नव्हतं.

"होता. पण त्या खोलीला कुलूप होतं. मध्ये बोलू नकोस, बैल यायची वेळ झाली."

तर अनसूयानं तार जोडली. ती तार भैंशातून निघाली, आदिलाबादला गेली, तिथून उटनूरच्या जंगलातून वळसे घेत थेट बेल्लमपल्लीला. तिकडं कोळशाच्या खाणीत काम करणारा भगवंतराव नावाचा माणूस तारेच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. क्वार्टरच्या मागं त्याचा एक बैल बांधलेला. खाणीत बैलाचं काय काम? सासऱ्यानं दिलेला, विकायचा होता. देवकाबाईनं बैलाचा फोटो पाहिला. वशिंड भरलेलं, पाय सरळ, नजर शांत. फक्त रंग नीट कळत नव्हता, फोटो अंधारात काढलेला.

तिनं दुपट्ट्याच्या चित्राला टोचलं. दुपट्टा पसरला. पलीकडून आकडा आला.

पहिला आकडा असा आला, की मीही दचकलो. मग कळलं. उटनूरच्या जंगलात तारेवर माकडं बसतात. त्यांनी तार हलवली की आकडे हलतात. एका वेळी तर माकडाचं पिल्लू तारेला लोंबकळलं आणि आकडा उलटा झाला. अनसूयानं दोन मिनिटं वाट पाहायला सांगितली. माकडं गेली, आकडा सरळ झाला.

"माकडं तारेवर चढले का तुमाले फोन करून सांगतात?" बापूजी म्हणाला.

सगळे खो खो हसले. मीही हसलो. असं हसू आलं की पुढचं खोटं सोपं जातं.

मग जुंपली. पलीकडच्या भगवंतरावाला वाटलं, बाई आहे, अडलेली आहे, पेरणी तोंडावर आहे, देईल सांगू ते. पण देवकाबाईनं पहिलंच बोट असं दाबलं, की त्याला कळलं, इथं काम अवघड आहे. तो थोडा उतरला. ही हलली नाही. तो आणखी उतरला. ही तिथंच. मग त्यानं आमच्या धंद्यातला जुना डाव टाकला, गप्प बसायचं. समोरचा घाबरून चढतो. आणि देवकाबाईनं काय केलं असेल? पदरातून भाकरी सोडली, ठेचा काढला, बाहेर पायरीवर येऊन बसली आणि जेवायला लागली! अनसूया मागून बघतेय, बोलता येत नाही, मदत करायची नाही असा नियम. तिची बोटं चष्म्यावर. ही मात्र सावकाश जेवली, पाणी प्यायली, सरदारला थोपटून आली.

"तवा बाभळीखाली सरदार होता," देवकाबाई हळूच म्हणाली. "हो ना?"

"हो तर," मी म्हणालो. "आणि तोवर पलीकडं त्या भगवंतरावाची काय हालत! कपाळाला घाम. तंबाखूची डबी उघडतो, बंद करतो, चुना सांडला धोतरावर. उठतो, बसतो. वाटतं, बाई गेली का काय? दाराच्या फटीतून पाहतो..."

"थांबा, थांबा," बापूजीनं गाळणं खाली ठेवलं. "बेल्लमपल्लीतला घाम तुमाले बाभळीखालून दिसला?"

"तार होती ना जोडलेली!"

"आन दाराची फट?"

"तारेतून सगळं दिसतं बापूजी. तू कधी गेला आहेस का तारेत?"

लोक पोट धरून हसत होते. देवकाबाई हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, जसं ती बैलाच्या दाताकडे पाहते तसं.

मी पुढं रेटलं. शेवटी पलीकडूनच आकडा खाली आला. स्वतःहून. देवकाबाई खुर्चीत येऊन बसली, तो आकडा पाहिला आणि पदराखालून एकदाच माऊस दाबला. सौदा पक्का. अनसूया ओरडलीच. नियम बियम विसरून तिनं देवकाबाईला मिठी मारली. म्हणाली, "बाई, आप पहली हो. पूरे जिले में पहली." आणि देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आता दिराले सांगते, वावर माहं माह्यापाशी राह्यते."

हे ऐकून गाडीवाल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. मला बरं वाटलं. गोष्ट अशी पाहिजे, की हसता हसता दुपट्टा ओला झाला पाहिजे.

"आन बैल?" तो म्हणाला. "तारेतून आला तो?"

"आला की! फोटो तारेतून आला म्हणजे अर्धा बैल आलाच. उरलेला अर्धा कोळशाच्या ट्रकनं आला. चौथ्या दिवशी देवकाबाईच्या दारात उभा. नखशिखान्त काळा! कोळशावर बसून आला ना. तिनं त्याला नदीवर नेऊन धुतला, तेव्हा आतून निघाला गुळाच्या रंगाचा. बेल्लमपल्लीहून आला आणि तेलुगूत गुळाला बेल्लम म्हणतात, म्हणून गावानं नाव ठेवलं बेल्लम. सरदार-बेल्लमच्या जोडीनं पेरणी झाली, आणि हा कापूस तुमच्यासमोर गाडीत आहे. ती पोरगी दिवाळीत परत आली होती. म्हणाली, आता निर्मलकडच्या, आसिफाबादकडच्या बायका त्या दुपट्ट्याखाली शेळ्या विकतात, कोंबड्या विकतात, शिलाई मशीन घेतात. परवा सुधाकरराव स्वतः देवकाबाईला विचारत होता, वयनी, माह्या बैलाचा भाव जरा करून देता का? आता बोला. मानता का नाही?"

बापूजी माझ्याकडे पाहतच नव्हता. तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत होता.

"देवकाबाई," तो म्हणाला, "तुमचा बेल्लम सुटला वाटते."

सगळे वळले. रांगेच्या मागच्या बाजूला बेल्लम गाडीपासून दूर चालला होता. गळ्यात तुटका दोर, चाल सावकाश, जसा जावई सासुरवाडीला निघाला. कापसाच्या गाड्यांकडे पाहिलं नाही. दुसऱ्यांच्या कडब्याला तोंड लावलं नाही. सरळ रस्ता ओलांडून तो माझ्या घराच्या फाटकापाशी गेला. त्या फाटकाला कुलूप नाही, तारेची एक कडी आहे, ती खालून वर उचलावी लागते. नव्या माणसाला ती उघडत नाही. पाहुणे बाहेरून हाका मारतात.

बेल्लमनं मान वाकडी केली, डाव्या शिंगाचं टोक कडीखाली घातलं आणि कडी उचलली. फाटक उघडलं. तो आत गेला, गोठ्यात दुसऱ्या खुंटापाशी जाऊन उभा राहिला आणि माझ्या पाण्याच्या टाक्यात तोंड घातलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"तारेतून आलेला बैल आहे," मी म्हणालो. "त्याला काय, कोणतीही तार उघडता येते..."

"राहू द्या, डोमाजीभाऊ." देवकाबाई उठली. पदर खोचला. आवाज मोठा नव्हता, पण पार शेवटच्या गाडीपर्यंत गेला. "कोयशाले करडीच्या तेलाचा वास येत नसते. पयल्याच दिवशी न्हाऊ घालताना आला मले. तुमच्या चुलीची काजळी होती ते, तेलात कालवलेली. बाभळीखाली माही गाडी होती, माहा सरदार होता, तिथं तुमी नव्हते. आन कुलूप लावलेल्या खोलीतून तंबाखूचा ठसका कोनाचा आला, ते म्या भाकर खाताना ऐकलं. सहा महिने गप होते, म्हटलं मानूस सवताहून सांगते का पाहू."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"बेल्लमपल्लीत कोनी भगवंतराव नाई न् कोनी खाणवाला नाई! दुपट्ट्याखाली माह्याशी हारला तो हा इथं बसला हाये, माह्याच पैशाचा चहा पिऊन राह्यला!"